आवाज गोळा करायचेत? आधी फ्रिज बंद करा

माझ्या पहिल्या शंभरेक रेकॉर्डिंगांपैकी निम्म्यांत आमच्या चिपळूणच्या घरचा फ्रिज आहे. मला हव्या होत्या पागोळ्या, कौलांवरून घंगाळात पडणाऱ्या. ओटीवर उभी राहून ऐकताना तेवढ्याच ऐकू यायच्या. रात्री हेडफोन लावले की त्यांच्याखाली सलग एक ‘हंऽऽ’. रोजचा आवाज कान आपोआप वगळतात, माइक काहीच वगळत नाही, हे मला फ्रिजने शिकवलं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुना फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, हे सगळे त्याच्या दुपटीवर, म्हणजे १०० हर्ट्झवर घुमतात. पेटीवर पट्टी काढायची तर पांढरी पाचच्या किंचित वर. अख्खं राज्य दिवसरात्र या एका तानपुऱ्यावर बसलेलं आहे. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या घरांची पट्टी वेगळी.) गावी भारनियमन असायचं तेव्हा लोक वैतागायचे आणि मी वेळापत्रक भिंतीला चिकटवून ठेवायचे. दुपारी दोनला वीज गेली की तानपुरा थांबायचा, आणि मग शेजारच्या परसातला होला, विहिरीवर आपटलेली कळशी, दोन घरं पलीकडे लाकडं फोडणारा माणूस एकेक करून पुढे यायचे.

आई विचारायची, “काय भरलंस त्या यंत्रात?”

“पाऊस.”

“तो बाहेर पडतोच आहे की.”

तर, मी साउंड आर्टिस्ट आहे. गावात, रस्त्यावर, पाण्याखाली जाऊन आवाज रेकॉर्ड करायचे आणि त्यांच्यापासून रचना करायच्या, असं हे काम. कधी त्या दालनात वाजतात, कधी रेडिओवर, कधी अंधाऱ्या खोलीत पंधरा माणसांसमोर. सतरा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं मालिकांच्या सेटवर बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरण्यात गेली. वर्षाला पाच-सात मुलंमुली विचारतात, हे सुरू कसं करायचं, यावर पोट भरतं का. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

महिनाभर काही विकत घेऊ नका

एक वही आणि पेन पुरे. घराची गॅलरी, बसस्टॉप, देवळाचा पार, कुठलीही एक जागा ठरवा आणि रोज त्याच वेळी वीस मिनिटं तिथे बसा. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात सतत चालू असलेले आवाज: रहदारी, पंखा, रातकिडे. दुसऱ्यात लक्ष वेधून घेणारे: हॉर्न, कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक. तिसऱ्यात फक्त त्याच जागेचे, दुसरीकडे न सापडणारे. ही विभागणी माझी नाही. कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या आसपास ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ चालवला, तिथली आहे. शहरांचे आवाज हा अभ्यासाचा विषय आहे, हे त्या मंडळींनी जगाला पटवलं.

तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. मी पुण्यात कसबा पेठेत राहायला आले तेव्हा पंधरा दिवस तो रिकामाच होता. पहिल्या रकान्यात मात्र रोज ‘ठकठक, बांधकाम’ असं लिहीत होते. सोळाव्या दिवशी आवाजाच्या मागे चालत गेले, तर तांबट आळी. बांधकाम वगैरे काही नव्हतं, तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम चाललं होतं. गुळगुळीत पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके मारून खळ्या पाडायच्या, त्याने भांडं मजबूतही होतं आणि चमकतंही. या आळीकडे मी नंतर पुन्हा येते, कारण माझं निम्मं करिअर तिथे घडलं.

वहीचा एक नियम: ‘आवाज’ हा शब्द लिहायचा नाही. ‘दाराचा आवाज’ असं लिहिलंत तर चार वर्षांनी त्यातून काहीही कळत नाही. मराठीत यासाठी शब्दांचं कोठार आहे. कुरकुर, करकर, किरकिर हे तीन वेगळे दरवाजे आहेत. माझ्या वहीत कुरकुर म्हणजे कोरडं लाकूड, सावकाश. करकर म्हणजे गंजलेली बिजागरी. किरकिर म्हणजे हलकं दार वाऱ्याने हलतंय. पाणी झुळझुळतं, खळखळतं, बदबदतं, ठिबकतं. पिंपळ सळसळतो, माड फडफडतो. पक्ष्यांची कितीतरी नावंही कानाने ठेवलेली आहेत. पावसाआधी ‘पेरते व्हा’ म्हणतो तो पावशा. हातोडीसारखं टुक-टुक करतो तो तांबट. इंग्रजीतही त्याला तांब्याचं काम करणाऱ्याचंच नाव आहे.

यंत्रं

यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मी थोडक्यात आटोपते.

हातात मावणारा रेकॉर्डर, झूमचा एच-वन-एन किंवा टॅस्कॅमचा डीआर-झिरो-फाइव्ह या वर्गातला, सुरुवातीला भरपूर झाला. मिळाला तर जुना घ्या. कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन. लहान तिकाटणं. चार्ज होणारे सेल, दुप्पट संख्येने. फोनवर सराव करायला हरकत नाही, मात्र जे ॲप आवाज आपोआप कमी-जास्त करतं ते टाळा. रातकिडे थांबले की ते ॲप शांतताच वर ओढून ठेवतं.

फाइल नेहमी वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होते. पुढे आवाज संथ करून वापरायचा बेत असेल तर ९६ किलोहर्ट्झ, कारण वेग निम्मा केला की सगळे स्वर एक सप्तक खाली येतात आणि वर रिकामी जागा उरते. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवून घेण्याचं प्रमाण, असा ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यांत गेनची काळजी जवळजवळ मिटते. मात्र ताशापासून दोन फुटांवर माइकची कॅप्सूलच हात टेकते, तिथे कितीही बिट असले तरी उपयोग नाही.

ज्यात कंजुषी करायची नाही ती गोष्ट म्हणजे वाऱ्यापासून बचाव. माइकवर वारा आदळला की ‘भप्प भप्प’, आणि ते नंतर काढता येत नाही. केसाळ कापडाची कानटोपी घालावी लागते. केसांत वाऱ्याचा जोर मोडतो आणि आवाज आत जातो. विकतची महाग असते. मी माझी पहिली तुळशीबागेतून आणलेल्या टेडी बेअरच्या पाठीची शिवली. भाचीने तीन दिवस अबोला धरला होता.

बाहेर पडल्यावर

सुती कपडे. नायलॉनचं जाकीट घातलेला माणूस म्हणजे चालतीबोलती चिवड्याची पिशवी. बांगड्या, किल्ल्या, सुटे पैसे घरी. फोन बंद किंवा फ्लाइट मोडवर, नाहीतर ऐन क्षणी ‘टिडिक-टिडिक’ फाइलमध्ये उतरतं. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर ओडोमॉस विसरू नका. डास चावतो याचं मला फारसं वाटत नाही, तो माइकसमोर गातो याचं वाटतं.

रेकॉर्डर हातात धरू नका. बोटांची हालचाल, नाडीसुद्धा, हँडलमधून आत जाते. तिकाटण्यावर लावा, सुरू करा आणि वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन बसा. पहिली दोन-तीन मिनिटं धरायचीच नाहीत, कारण तुमच्या येण्याने गप्प झालेली जागा अजून सावरलेली नसते. टिटवी ओरडून ओरडून सगळ्यांना सांगत असते की माणूस आलाय. ती गप्प झाली की खरं रेकॉर्डिंग सुरू झालं असं समजा. नंतर किमान दहा मिनिटं हलू नका. नवीन लोक तीन मिनिटांत कंटाळतात आणि त्यांच्याकडे तीन-तीन मिनिटांच्या निरुपयोगी फाइली साठत जातात.

तारीख, गाव, वेळ, हवा, माइक कोणता, हे सगळं शेवटी बोला. सुरुवातीला बोललात तर पुन्हा टिटवी.

बाई म्हणून एक वेगळी सूचना: पहाटेच्या रेकॉर्डिंगला शक्यतो एकटीने जाऊ नये. मी गेलेय आणि दोनदा पस्तावलेय. आदल्या संध्याकाळी त्याच जागी जाऊन आसपासच्या लोकांशी बोलून ठेवते. कोणी संशयाने बघायला लागलं तर समजावत बसत नाही, हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावते. गुहागरकडच्या एका आजोबांनी स्वतःच्याच गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ पाच मिनिटं ऐकलं, मग आत जाऊन चहा सांगितला.

एकदा मात्र हे जमलं नाही. पहाटे चार वाजता मी एका पुलाच्या कठड्याला वायरी चिकटवत होते. लोखंड वाजतं कसं ते मला ऐकायचं होतं. पुलाला वायरी चिकटवणारी बाई पहाटे चारला कशी दिसते, याचा विचार मी केला नव्हता. दोन तास चौकीवर बसले. तेव्हापासून पिशवीत ओळखपत्र, कामाचं पत्र आणि माझ्या एका प्रदर्शनाचा फोटो, तिन्ही प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेत.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, ती घ्या. आणि पक्ष्याने बोलावं म्हणून त्याच्याच जातीचा रेकॉर्ड केलेला आवाज त्याला ऐकवू नका. विणीच्या काळात तो बिचारा घरटं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. पक्ष्याच्या आवाजाचं सर्वांत जुनं ज्ञात रेकॉर्डिंग १८८९ सालचं आहे. जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर ते केलं, आणि पक्षी होता श्यामा. आपल्या सह्याद्रीतही असतो तोच. तो पिंजऱ्यातला होता, तिथेच राहणार होता. तुमचा उडून जाईल, तर जाऊ द्या.

दहा रुपयांचा माइक

सगळ्यांत जास्त मजा इथे आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पितळी पिझो चकती मागा, २७ मिलिमीटरची. दहा-वीस रुपयांना मिळते. एरवी ती बझरमध्ये असते. मधल्या पांढऱ्या भागाला शील्ड वायरची आतली तार आणि पितळी कडेला बाहेरची जाळी झाळा. वर नेलपॉलिशचे दोन हात द्या, वाळल्यावर इन्सुलेशन टेप. झाला कॉन्टॅक्ट माइक. हवेतलं त्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही; ज्या वस्तूला चिकटवाल तिच्या अंगातलं कंपन तेवढं येतं.

नव्वद टक्के लोक एका ठिकाणी फसतात. पिझोचा रोध फार मोठा असतो. तो थेट रेकॉर्डरच्या माइकच्या भोकात खुपसलात तर खालचे स्वर गळून पडतात आणि सगळं पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. मग लोक म्हणतात, दहा रुपयांत आणखी काय मिळणार. दोष चकतीचा नसतो. मध्ये निदान एक मेगाओमचा इनपुट असलेला प्रीअँप, म्हणजे माइक आणि रेकॉर्डरच्या मधली आवाज वाढवणारी पेटी, हवा. गिटारवाल्यांकडे असतो तो चालतो. तो लावला की जमीन हादरल्यासारखा खर्ज मिळतो.

चिकटवायचं कुठे? रसवंतीपासून सुरुवात करा. बाहेरून तुम्हाला चरकाला बांधलेल्या घुंगरांची छुमछुम ऐकू येते. तीच चकती चरकाच्या लाकडी चौकटीला लावा, घुंगरू मागे जातात आणि उसाचं कांडं चिरडताना आतल्या धाग्यांची कडकड वर येते. मालकांना विचारून लावा आणि रस घ्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली तारेची कुंपणं आहेत. जोराचा वारा असला की ती तार तासभर गाते. ऑस्ट्रेलियात ॲलन लॅम यांनी सोडून दिलेल्या टेलिग्राफच्या तारांचं हेच गाणं वर्षानुवर्षं टिपलं. विजेच्या तारेला किंवा करंट सोडलेल्या कुंपणाला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगते.

हीच चकती इपॉक्सीत नीट बुडवून बंद केली की पाण्यात सोडता येते. मी धोपाव्याच्या जेटीवरून दाभोळच्या खाडीत सोडली. मला वाटलं होतं की पाण्याखाली सामसूम असेल. कढईत लाह्या फुटाव्यात तशी तडतड, सलग, चारी बाजूंनी. अर्धा तास मी सोल्डरिंग तपासत होते. त्या टिचकी मारणाऱ्या छोट्या कोळंब्या होत्या. नांगी इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो त्याचा हा कडाका. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो. फेरीबोट पलीकडच्या काठाला असताना तिचा पंखा माझ्या कानात घुमायला लागला होता. वर, जेटीवर, नुसता वारा होता.

बॅकअप

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडाला. माणसं वरच्या मजल्यावर गेली, ठीक राहिली. खालच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या कप्प्यात माझी हार्डडिस्क होती, २०१४ ते २०१७ची. तिची दुसरी प्रत नव्हती. शेजारच्या वाडीतला लाकडी रहाट तिच्यात होता. तो रहाट आता नाही, तिथे पंप आहे.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, मीही वाचलं होतं. रहाटाची पन्नास सेकंदं तेवढी वाचली, कारण कधीतरी मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. दाबून-चेपून पार चोथा झालेली फाइल आहे ती. माझ्या दोन रचनांत मी ती तशीच, काहीही न सुधारता वापरली आहे.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, दिवस, गाव, आणि वहीतला तो शब्द: २०१९-०६-११ धोपावे तडतड. घरी आल्यावर त्याच रात्री. उद्या म्हणालात की गेलं.

रचना

हे शिकवता येतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. मी काय करते ते सांगते.

आधी कोणी काय केलंय ते ऐकलं पाहिजे. १९४८मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेऊन, कापून, फिरवून एक तुकडा रचला आणि रेडिओवर वाजवला. तिथून ‘म्युझिक काँक्रीट’, म्हणजे टिपलेल्या आवाजांपासून रचलेलं संगीत, सुरू झालं. हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांनी १९८९मध्ये व्हँकूव्हरच्या किनाऱ्यावरच्या रचनेत स्वतःच बोलून सांगितलं की शहराची घरघर मी आता फिल्टरने काढून टाकतेय, आणि ऐकणाऱ्याच्या कानादेखत काढली. मला तो प्रामाणिकपणा फार आवडतो. ख्रिस वॉटसन यांनी २००३च्या ‘वेदर रिपोर्ट’मध्ये केनियातल्या मसाई माराचे चौदा तास अठरा मिनिटांत बसवले. आपल्याकडे हे नवीन आहे असं कोणी म्हणालं तर त्याला अहमदाबादची गोष्ट सांगा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा (विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा राहिला होता, आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारखी मंडळी तिथे टेपवर प्रयोग करत होती. त्या टेपा कित्येक दशकं पडून होत्या.

आता तांबट आळी. तिथले ठोके मी सात महिने रेकॉर्ड केले: पावसात, दुपारी, दिवाळीआधीच्या घाईत. योगायोग असा की उन्हाळ्यात जवळच्या वडावर तांबट पक्षी टुक-टुक करायला लागला. दोन तांबट! मला वाटलं रचना आयती मिळाली, एकाचा ठोका दुसऱ्यावर बसवायचा, ताल जुळवायचा. तीन आठवडे संगणकावर जुळवत बसले. जुळलं, आणि जाहिरातीसारखं वाजायला लागलं. सगळं पुसलं. मग लक्षात आलं की पक्षी एका लयीत मिनिटन् मिनिटं जातो, माणूस मात्र मध्ये थांबतो. भांडं फिरवतो, घाम पुसतो, कोणीतरी हाक मारलेली असते. रचना त्या थांबण्यात होती. शेवटी मी ठोक्यांना हातच लावला नाही. पक्षी डाव्या स्पीकरमध्ये अखंड, माणसं उजवीकडे, आणि मधले थांबे जसेच्या तसे. सतरा मिनिटं. इक्वलायझरने रहदारीचा खर्ज थोडा कमी केला, बाकी काही नाही.

तुमचीही पहिली कल्पना बहुतेक अशीच चतुर असेल. करून बघा आणि आठ दिवसांनी ऐका.

पोट

आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत ते. माझ्या रुपयातले दहा आणे सिनेमे आणि माहितीपटांच्या साउंडमधून येतात: लोकेशनवरचं रेकॉर्डिंग, पार्श्वभूमीचे आवाज, क्वचित डिझाइन. तीन आणे शाळा-कॉलेजांतल्या कार्यशाळांतून, दोन आणे संग्रहालयं आणि प्रदर्शनांसाठी केलेल्या कामातून. उरलेला एक आणा माझ्या स्वतःच्या रचनांचा. पंधरा आणे त्या एका आण्यासाठी.

याला कमीपणा समजू नका. वॉटसन एका बँडमधून बाहेर पडून टेलिव्हिजनचे ध्वनिमुद्रक झाले आणि पुढे डेव्हिड ॲटनबरो यांच्या निसर्गपटांसाठी जगभर फिरले. त्यांचे अल्बम त्या फिरण्यातून निघाले. बुधादित्य चट्टोपाध्याय कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड शिकले, आणि बंगळूरच्या आवाजांचा त्यांचा अल्बम जर्मनीतल्या ग्रुएनरेकॉर्डर या रेकॉर्ड कंपनीने २०१३मध्ये काढला. तेव्हा हातात एक धंदा असू द्या. पुण्यात एफटीआयआयमध्ये साउंडचा अभ्यासक्रम आहे. तो जमला नाही तर एखाद्या युनिटमध्ये बूम धरायला लागा. सेटवर दर सीननंतर ‘रूम टोन’ म्हणून सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करतात. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो हे मला तिथे कळलं, आणि त्याचे पैसेही मिळत होते.

अनुदानासाठी बंगळूरचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघा; १९९५पासून कलासंशोधन आणि कलानिर्मितीला मदत करतात. दिल्लीची खोज ही कलासंस्था, कोचीचं बिएनाले, पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव, पुण्या-मुंबईतलं मॅक्सम्युलर भवन, यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. अर्जात ‘ध्वनी हे विश्वाचं मूळ आहे’ असलं काही लिहू नका, निवडणारे त्या दिवशी असले चाळीस अर्ज वाचून थकलेले असतात. कुठली जागा, किती दिवस, कोणत्या वेळी, काय टिपणार, शेवटी ते कुठे आणि कसं ऐकवणार, एवढं सांगा. सोबत तीन नमुने, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीतरी घडू द्या, कारण ते फोनच्या स्पीकरवर ऐकणार आहेत. खाडीचा खर्ज तिथे कोणाला ऐकू येणार नाही.

खर्चाच्या तक्त्यात स्वतःचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा. प्रवास, सेल, जेवण, सगळं लिहितात आणि स्वतःला विसरतात, मग देणाराही विसरतो. आपल्याकडे मानधन म्हटलं की शाल-श्रीफळावर भागवायची एक पद्धत आहे. माझ्याकडे अकरा शाली आहेत. चार मी माइकच्या पेटीत गुंडाळायला वापरते, उत्तम काम देतात.

प्रदर्शन असेल तर आदल्या दिवशी दालनात जा आणि एसी लावून ऐका. एका महोत्सवात माझी बावीस मिनिटांची रचना चहापानाच्या वेळी मागे लावून ठेवली होती, संगीत म्हणून. कपबश्यांची किणकिण छान मिसळली होती, पण करारात ‘बंद खोली, अंधार, बसायला जागा’ असं लिहून घ्यायला मी त्यानंतर शिकले.

कामं लोकांपर्यंत जायची तर बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर ठेवा. एकेकटी रेकॉर्डिंगं रेडिओ अपोरी या संकेतस्थळाच्या जगाच्या नकाशावर, त्या-त्या जागी, चढवता येतात. पक्ष्यांची असतील तर झेनो-कँटो या ऑनलाइन संग्रहाला द्या, तिथे अभ्यासकांना उपयोग होतो.

माणसं

पक्ष्याला विचारता येत नाही, माणसाला येतं. कोणी गात असेल, ओवी म्हणत असेल, तर आधी विचारा, नंतर ऐकवा, आणि प्रसिद्ध करताना नाव लिहा. हेमा राईरकर आणि गी पोतेवां यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं. ‘एक ग्रामीण स्त्री’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. कायद्यानेही कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो. मी दोन ओळींचं मराठी संमतिपत्र ठेवते, वाचून दाखवते, आणि लिहिता येत नसेल तर त्यांची संमती रेकॉर्डच करते.

आणि प्रत परत द्या. तांबट आळीतली रचना पूर्ण झाली तेव्हा मी पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन आळीत गेले. ज्या काकांच्या दुकानाच्या पायरीवर मी सात महिने बसले, त्यांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटले आणि पाचव्या मिनिटाला हात वर केला.

“हा मी नाही.”

मी फाइल बघितली. तारीख, वेळ, त्यांचंच दुकान, नाव त्यांचंच.

“माझी हातोडी पत्र्यावरून उचलताना घसटते. ही सरळ वर जाते. हा धाकटा आहे. त्या आठवड्यात मी आजारी होतो.”

सतरा मिनिटांत त्यांनी अशा तीन जागा दाखवल्या. घरी येऊन श्रेयनामावलीत धाकट्या भावाचं नाव घातलं, बँडकॅम्पवरचं पान बदललं, आणि पेनड्राइव्हची दुसरी प्रत करून दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन दिली.